दस्तगीरचाचांचं पिक्चर

"दुरुस्त करून ठिवलाय, पण बिघडलेला हुता तवा लय झ्याक वाजत हुता," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारे रेडिओवाले मी एकच पाहिले. कऱ्हाडजवळच्या मलकापूरचे दस्तगीरचाचा.

कऱ्हाडला शिकताना मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे सगळ्यांनाच बिचकून असे. चाचांना मात्र बिचकावं लागत नसे. बिघडलेल्या रेडिओतून शिट्टी, घरघर, कुईकुई निघाली की ते डोळे मिटून ऐकत, आणि रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हांपासून स्वतः बनवलेल्या बाजावर तोच आवाज काढत. बाजा म्हणजे फळीवर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, खाली ते व्हॉल्व्ह जोडलेले. बोट ठेवलं की सूर निघे, कधी कधी झटकाही बसे.

या बाजावर ते सिनेमाचं संगीत करत आणि टेपवर उतरवून घेत.

"कुठल्या सिनेमाचं, चाचा?"

"आजून निघायचा हाय त्यो."

आधी लावणीचा ठेका. त्यातून आगगाडी जाई, मध्येच विलायती नाच, मग कव्वालीच्या टाळ्या. एकदा मी भीत भीत म्हणालो, "जरा सगळं एकात एक झाल्यासारखं वाटतं."

"आरं, पिक्चरमधी एकच भाजी वाढत्यात व्हय? मारामारी लागती, लगीन लागतंय, रडारड तर लागतीच."

घरातल्या रडारडीबद्दल ते सहसा बोलत नसत. पूर्वी एकदा टेप नीट फिरेना म्हणून त्यांनी अमीनाचाचींची शिलाई मशीन खोलली आणि तिचं चाक काढून टेपला लावलं. चाची निम्म्या गल्लीची पोलकी शिवत. त्यांनी पिशवी भरली आणि आटपाडीला भावाकडे गेल्या. त्याला तीन वर्षं झाली होती. मशीन चाचांनी आठ दिवसांत जोडली, तेलपाणी केलं, पण बायकोला आणायला काही गेले नाहीत.

"जाऊन काय बोलू?" ते म्हणत. "मला तोंडानं बोलाय येत न्हाई."

त्या हिवाळ्यात आटपाडीत तंबूचा सिनेमा आला. मालकाचा अँप्लिफायर चाचांच्याच हातचा. खेळाआधी तंबूच्या भोंग्यावर गाणी लावतात, ती साऱ्या गावाला ऐकू जातात. एक दिवस गाण्यांऐवजी चाचांची टेप लावायचं ठरलं.

"शेवटाला तिची मशीन वाजवलीया बाजावर," एसटीत ते मला म्हणाले. "ऐकली की कळंल तिला. यील."

दिवस मावळताना टेप सुरू झाली. लावणीपर्यंत ठीक होतं. आगगाडीला माणसं भोंग्याकडे बघू लागली. विलायती नाच लागला तसं कुणीतरी ओरडलं, "चला रं, मशीन बिघडलंय, आज खेळ न्हाई!" बैलगाड्या वळायला लागल्या. मालक धावत आला.

"आवं चाचा, बंद करा! तंबू रिकामा व्हईल माझा."

"थोडंच ऱ्हायलंय गड्या, शेवटचं..."

मालकानं वायर काढली. नेहमीचं गाणं लागलं आणि गाड्या माघारी फिरल्या.

चाचा भोंग्याखालीच उभे राहिले. मग मीच विचारत विचारत चाचींच्या भावाचं घर गाठलं. तीन बोळ सोडून तर होतं. चाची दारात शेंगा निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं.

"तुम्ही ऐकलंत का?"

"ऐकलं की. त्यांच्याबिगर असलं कुणाला सुचतंय?" त्या थोडं हसल्या. मग शेंगांवरचा हात थांबला. "भोंगा साऱ्या गावाला बोलावतोय, बाळा. मला कुणी बोलावलं?"

हे मी चाचांना जसंच्या तसं सांगितलं. सांगावं की नाही, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. ते खाली बसून टेप गुंडाळू लागले. मग उठले, टोपी नीट केली आणि माझ्याबरोबर चाचींच्या घराच्या बोळाच्या तोंडाशी आले. बायकोला नावानं हाक मारायची त्यांच्याकडे रीत नव्हती, आमच्याकडेही नाही.

"अमीना," ते म्हणाले. इतकं हळू, की शेजारी असून मला जेमतेम ऐकू आलं. परत एकदा म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"आवाज घोगरा येतोय रं," ते म्हणाले. "पुन्यांदा कवातरी येऊ."

माझं कॉलेज संपेपर्यंत आम्ही पुन्हा आटपाडीला गेलो नाही.