सूचक सहदेव, अनुमोदक आबा

खोपटच्या शांतिसदन सोसायटीत लिफ्टजवळ गाडी लावायला एकच जागा रिकामी झाली आणि अर्ज आले दोन. एक चोपन्न नंबरच्या आबांचा. गुडघे गेलेले, तीनचाकी स्कूटर, फाटकापासून लिफ्टपर्यंत चालणंही जिवावर यायचं. दुसरा सत्तावीस नंबरच्या सहदेवकाकांचा. गाडी नवीकोरी, तिला ऊन सोसत नव्हतं. काका सोसायटीचे सेक्रेटरीही होते, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती व्हावा असा त्यांचा फार आग्रह होता.

चिठ्ठ्या टाकायला सभा तयार होईना. मागच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांवर काकांचंच नाव निघालं होतं.

मग आबांची दहावीतली नात नीला उठली. म्हणाली, शाळेत एक खेळ शिकवलाय. फ्लॅटचा नंबर घ्यायचा. सम असला तर निम्मा करायचा, विषम असला तर तिप्पट करून एक मिळवायचा. असं करत जो कमी पायऱ्यांत एकवर पोचेल, त्याला जागा.

काकांनी मनातल्या मनात सत्तावीस आणि चोपन्न शेजारी उभे केले. लहान आकडा आधी पोचणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला.

"अनुमोदन," आबा म्हणाले.

आबांच्या कानात यंत्र होतं आणि त्यात 'ठराव' एवढा शब्द शिरला की हात आपोआप वर जायचा. सोसायटीच्या प्रत्येक ठरावाखाली, अगदी आबांनाच दंड लावणाऱ्या ठरावाखालीसुद्धा, अनुमोदक आबाच.

नीलाने फळ्यावर सत्तावीसपासून सुरुवात केली. ब्याऐंशी. एक्केचाळीस. एकशे चोवीस. काका हसत होते. आकडा हजारात गेला तसं हसू मावळलं. फळा भरला, पुसला, परत भरला. आकडा नऊ हजारांच्या वर गेला तोवर समोसे संपले होते.

"अगं, हा उतरणार कधी?"

"आजवर सगळे उतरलेत, काका. कायम उतरतीलच, असं जगात अजून कोणी सिद्ध केलेलं नाही."

काकांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने नवा ठराव मांडला, ज्याचा प्रवास लांब त्याला जागा. "कष्टाची काही कदर आहे की नाही सोसायटीत?"

"अनुमोदन," आबा म्हणाले. त्यांच्या सुनेने, मायाने, कपाळावर हात मारला.

सत्तावीस एकदाचा एकवर आला. काका बोटावर गाडीची चावी फिरवू लागले. नीलाने फळा पुसला, चोपन्न लिहिलं आणि निम्मं केलं. आलं सत्तावीस.

"आता पुढचं सगळं तुमचंच, काका," ती म्हणाली. "आमची एक पायरी जास्त."

सभेला हे समजायला जरा वेळ लागला. काकांना दुसरंही समजलं आणि चावी थांबली. पहिला ठराव ठेवला असता, तर त्याच एका पायरीने ते जिंकले असते.

"मी दुसरा ठराव रद्द करायचा ठराव मांडतो," ते म्हणाले. "अनुमोदक?"

सगळ्यांनी सवयीने आबांकडे पाहिलं. आबा कानातलं यंत्र काढून, रुमालाने अगदी मन लावून पुसत बसले होते.