लहानूजींना पुरेल असा झुला

आमच्या शेजारचे लहानूजी काका कुणाच्याही घरी गेले, की उंबरठ्यावर थांबून दोन्ही हात जोडतात आणि कमरेत वाकून आत शिरतात. पिपरी मेघेत मी नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, काय नम्र माणूस आहे. पुढे कळलं, की चौकटींनी त्यांचं कपाळ इतक्यांदा फोडलं आहे, की वाकायचंच आहे तर नमस्कार तरी घडावा, असा त्यांचा विचार.

उंची सहा फूट पाच इंच दोन सूत. ती दोन सुतं कुणी गाळलेली त्यांना खपत नाहीत. जन्मले तेव्हा मूठभर होते, म्हणून आईने नाव ठेवलं लहानू. "मायनं घाई केली," ते म्हणतात. "मोजल्याशिवाय बोलू नाई."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. सगळी नोकरी लोकांची शेतं मोजण्यात गेली. ते निवृत्त झाले, खिशातला टेप झाला नाही. नाश्त्याच्या हॉटेलात ते प्लेटमधली कोथिंबिरीची सांबारवडी मोजतात आणि मालकाला शांतपणे सांगतात, "मागच्या सोमवारपेक्षा दोन सूत कमी आहे बाप्पा."

एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात वाकले.

"मास्तर, तुमच्या मोबाईलवरून एक झुला मागवा लागते. जंगलात दोन झाडाले बांधून लोक झोपते ना, तो. पण मले त्याच्यात सरळ झोपता आलं पाह्यजे."

"कुठे निघाले काकाजी?"

"पाहू. बोर धरणाकडे गिकडे."

एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं, की लहानूजी काका बोरच्या जंगलात मुक्कामाला चालले. कुणी टॉर्च आणून दिला, कुणी शिट्टी. समोरच्या देशमुख वहिनींनी तिखटाची पुडी दिली. अस्वल आलं तर फेकायला.

पहिला झुला आला तो नऊ फुटी. 'सर्व उंचीच्या व्यक्तींसाठी' असं त्यावर लिहिलेलं. माझ्या अंगणातला कडुनिंब आणि त्यांच्या फाटकाचा खांब यांच्यात आम्ही तो ताठ ओढून बांधला. काका आत बसले, पाय वर घेतले आणि दिसेनासे झाले. कापड दोन्ही बाजूंनी मिटलं. वरून फक्त गुडघे आणि नाक दिसत होतं, तेही एकमेकांच्या फार जवळ.

"मास्तर," आतून आवाज आला, "मी सध्या कोन्या आकारात आहो?"

"केळ्याच्या, काकाजी."

"मंग वापस."

दुसरा झुला दोन्ही टोकांना लाकडी दांडे असलेला. दिसायला अगदी गादीसारखा सपाट. काका खूश झाले. त्यांनी एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि झुल्याने अंग झटकल्यासारखं करून त्यांना खाली टाकलं. खाली काकूंनी मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या.

काकू बाहेर आल्या. काकू म्हणजे काकांच्या शर्टच्या तिसऱ्या बटणाएवढ्या. त्यांनी आधी वड्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पडाचंच होतं तं गादीवर काऊन नाई पडले?"

पाठीला चिकटलेल्या वड्या काकांनी एकेक करून काढून दिल्या.

त्यानंतर आठवडाभर ते कुणाला दिसले नाहीत. मग एकदा कागद घेऊन आले. कागदावर एक लांबट चौकोन आणि त्यात तिरपा माणूस काढलेला.

"आपण चुकलो कुठं, सांगू? सगळेच धुऱ्याधुऱ्यानं, म्हंजे बांधाच्या कडंकडंनं झोपते. चौकोनात सगळ्यात लांब काय असते मास्तर? कर्ण. उंच माणसानं कर्णावर झोपावं. झुला अकरा फुटी पाह्यजे, रुंद पाह्यजे, बिनादांड्याचा पाह्यजे. अन् ताठ नाई बांधाचा. ढिल्ला सोडाचा. लोक ताणते, म्हणून वाकडे होते."

तिसरा झुला असा आला. कडुनिंबाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्ट्यांनी, चांगला झोळ सोडून बांधला. काका तिरपे पडले आणि खरोखर सरळ झाले. टाचांपासून टाळूपर्यंत सपाट. गल्लीतले दहाबारा लोक बघत होते. सहा फूट पाच इंच दोन सूत माणूस अख्खा कसा दिसतो, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता निघा बोरले," देशमुख वहिनी म्हणाल्या.

"पाहू," काका म्हणाले.

महिना गेला. काका काही निघेनात. पुडीतलं तिखट तरी परत मागावं का, असं वहिनींनी मला दोनदा विचारलं. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं. झुला घरातच, खोलीच्या दोन भिंतींतल्या जाड कड्यांना बांधलेला, आणि काका त्यात तिरपे पडलेले. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पलीकडे पलंगावर काकू झोपल्या होत्या. हात पसरलेले, तोंड उघडं, बारीक घोरणं चाललेलं.

"जंगल गिंगल काई नाई मास्तर," ते कुजबुजले. "मी पलंगावर मावाले तिरपा झोपो. तिच्या वाट्याले कोपऱ्यातला तिकोन ये. बत्तीस वर्षं झाले. आता गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिले पाय लांब करा लागते. तरी एक डाव म्हणाली नाई, का सरका."

"मग झुला तुमच्यासाठी नाही, काकूंसाठी घेतला असं सांगायचं ना सरळ."

"घेऊ दिला नसता. म्हणाली असती, मले कोपरा पुरते. म्हणून सांगतलं, बोरले जाच्या आधी सराव करा लागते. आता सराव चालू राहीन."

मी जायला उठलो. तेवढ्यात काकू झोपेतच कुशीवर वळल्या, एक पाय पुढे टाकला आणि पलंगाच्या पार मधोमध आल्या. काकांनी झुल्यातून मान उंच केली आणि बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

"पाहा," ते हळूच म्हणाले, "किती जागा लागते तिले."