दोन हजार दोनचं मॉडेल

या स्पोर्ट्स सेडानचं कोणतं साल घ्यावं आणि कोणत्या सालाला लांबूनच नमस्कार करावा, हे अख्ख्या चेन्नईत माझ्याइतकं कोणालाही कळत नव्हतं! दोन हजार सालच्या गाडीचं इंजिन उन्हात दुधासारखं उतू जातं. दोन हजार एकच्या काचा खाली जातात, वर येताना रुसतात. तीनमध्ये ब्रेक कुरकुरतात. निर्दोष एकच, दोन हजार दोन! भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. अगदीच वाया गेली नव्हती.

आणि नेमकी तीच गाडी वेस्ट मांबलमला आमच्या इमारतीखाली उभी असायची. मालक तळमजल्यावरचे नागोजीमामा, पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावुरी मराठी. कामावर निघताना मी तिच्याकडे असा बघायचो, की येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, आत कोणी मुलगी बसलीय!

एका रविवारी मामा म्हणाले, "उन्मेष, गाडी विकतों. पाहिजे कां तुला?"

माझे कान तापले. "चालवून बघू?"

अशोक नगरला चक्कर मारली. ती अशी वळायची, जणू रस्ता तिला विचारूनच वळवलाय! परत येऊन इंजिन बंद केलं, तर गाडीच्या पोटातून टिक... टिक...

"ऐकलंस? आजारी आहे," मामा कुजबुजले. "म्हणूनच विकतों. तुला फसवणार नाही."

"छे हो मामा! तापलेला सायलेन्सर गार होताना आकसतो, त्याचा आवाज तो!"

"अय्यो! आजार नव्हे?"

"मुळीच नाही!"

"आणि स्टिअरिंग जड झालंय, तें?"

"टायरमध्ये हवा कमी आहे." लगेच पंपावर जाऊन हवा भरली. येताना मामांनी एका हाताने गाडी वळवली!

"पार्ट मिळत नाहीत म्हणे?"

"मामा, मी इरुंगाट्टुकोट्टैला पार्टांच्याच कारखान्यात आहे! लागेल ते आणून देईन!"

मामांचे डोळे चमकू लागले. मला वाटलं, माझ्या ज्ञानावर खूश झाले. मी आणखी पेटलो! बाकी सालांचे अवगुण आणि हिचे गुण, एखाद्या मुलीचं स्थळ सुचवावं तसे सांगितले.

कामाक्षीमामी कॉफी घेऊन आल्या. "ठरलं कां?"

"ठरलं," मामा म्हणाले. मी किल्लीसाठी हात पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांत प्रेमाने दाबला. "असली गाडी कोण वेडा विकेल, कामाक्षी?"

त्यांनी सोडल्यावरही माझा हात तसाच हवेत राहिला. गाडीचं दार बंद होताना व्हायचा तो मऊ, भरीव आवाज अजून कानात होता.

"अन् ह्या पोराचं काय?" मामी कळवळल्या. "माझा भाऊ जनकोजी त्याची गाडी विकतोय ना? हीच गाडी. फक्त दोन हजार सालची."

"अय्यो, ती नको!" मामा म्हणाले. "ती उकळते. आत्ताच सांगितलं ना ह्यानं!"

उकळते. का उकळते, हे मी कागदावर मांडून सिद्ध करू शकलो असतो. मी कॉफीचा घोट घेतला.

"मामी," मी विचारलं, "रंग कोणता आहे?"