इंद्रभानजी आणि सॉफ्टबॉलचे तीन बेस

“भुसावळपासून बडनेऱ्यापर्यंत असा एक बी गुन्हेगार नाई, जो मले पाहून गाडीच्या संडासात लपला नाई,” इंद्रभानजी खर्चे म्हणाले आणि टाळ्यांसाठी थोडं थांबले. टाळ्या पडल्या नाहीत तेव्हा पुढं सरसावले. “माही नजर म्हंजे एक्सरे. मानसाच्या डोयात पाह्यलं की सांगतो, तिकीट आहे का नाई, अन् असलं तं कोनत्या क्लासचं. आता रिटायर झालो म्हनून काय झालं? डोकं थोडंच रिटायर झालं? वऱ्हाडातला पयला प्रायव्हेट डिटेक्टिव्ह तुमच्यासमोर बसला आहे मॅडम. लिहून घ्या.”

शरयू काशीकरांनी काही लिहून घेतलं नाही. जे कधी नोकरीवर रुजूच झालं नाही ते रिटायर कसं होईल, एवढंच त्यांच्या मनात आलं. हा रेल्वेतला निवृत्त टी.सी. प्राचार्यांचा पत्त्यातला भिडू होता, आणि प्राचार्य रमाकांत पुराणिकांनी त्याला तपासासाठी बोलावून वर शरयूबाईंनाच मदतनीस म्हणून त्याच्या गळ्यात बांधलं होतं. मराठीच्या प्राध्यापिकेनं गुप्तहेराची पिशवी धरायची! पण करता काय, चोरी त्यांच्याच खात्यात झाली होती.

खातं म्हणजे मलकापूरच्या या कॉलेजचा मुलींचा सॉफ्टबॉल. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती आणि मुलींनीही मैदानी खेळ खेळावेत, असा साक्षात्कार विद्यापीठाला झाला होता. एक लाकडी पेटी आली. तिच्यात बॅटी, चेंडू आणि भलेमोठे चामडी हातमोजे. प्राचार्यांनी एक मोजा हातात घालून पाहिला आणि “गरम पातेलं उतरवायला बरा आहे” असा अभिप्राय दिला. क्रीडाशिक्षक म्हणाले, कबड्डी असेल तर बोला. मग सगळ्यांच्या माना स्टाफातल्या एकुलत्या एक बाईकडे वळल्या. शरयूबाईंनी उभ्या जन्मात खडूशिवाय काही फेकलं नव्हतं. त्यांनी शब्दकोश उघडून नियम वाचले आणि ओढण्या कमरेला खोचून मुली उतरवल्या. पहिल्या सामन्याला अर्धं गाव पोरी कशा पळतात ते बघायला आलं आणि उरलेलं अर्धं, पहिल्या अर्ध्याला नावं ठेवायला. तिसऱ्या सामन्यापर्यंत दोन्ही अर्धी मिळून पंचाशी भांडू लागली होती. प्राचार्यांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

आता विद्यापीठाकडून पद्मजा मॅडम येणार होत्या. संघ आणि मैदान बघून त्या पसंती देणार, मग मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार. त्यातली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, रुख्मिणी ही बाजूच्या गावातल्या रंगरावांची मुलगी. रंगरावांचा भाजीचा मळा. त्यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं, “विद्यापीठानं घेतली तं खेळ अन् शिक. नाई तं येत्या उन्हाळ्यात लगीन. देऊळगाव राजाचं स्थळ थांबून आहे.” रुख्मिणी हे शरयूबाईंना सांगताना रडली नव्हती. तिनं फक्त चेंडू इतक्या जोरात फेकला होता की झेलणारीनं मोजा काढून हात चोळला.

आणि नेमके याच वेळी बेस नाहीसे होऊ लागले. बेस म्हणजे धावणाऱ्या मुलीनं पाय टेकवायच्या चौकोनी, जाड पिशव्या. मैदानावर अशा तीन असतात. लाकडाचा भुसा भरलेल्या जुन्या पिशव्या पापडासारख्या झाल्या म्हणून शरयूबाईंनी कचरू शिंप्याकडून पांढऱ्या जाड कापडाच्या नव्या शिवून घेतल्या होत्या. “वाऱ्यानं उडणार नाही असं काहीतरी भरून आण,” असं सांगून त्या रुख्मिणीकडे दिल्या. तिनं आणल्या त्या कशा टणटणीत. दुपारी त्या मैदानात मांडून मुली तासाला जात आणि संध्याकाळी येऊन खेळत. एका संध्याकाळी पहिला बेस नव्हता. पुढं तिसरा गेला.

“मैदानच नाही तर संघ कशाला?” प्राचार्य उसासा टाकत म्हणाले. एवढा आनंदी उसासा शरयूबाईंनी पूर्वी ऐकला नव्हता.

इंद्रभानजींनी तपास सुरू केला. काळा कोट घालून ते मैदानात ओणवे झाले. हा माणूस मलकापूरचाच, पण जमीन त्यानं जन्मभर गाडीच्या खिडकीतूनच पाहिली होती. “आ हा! हे पाहा. बुटाचा ठसा. सोल मधातून फाकलेला. इम्पोर्टेड माल आहे.”

“तो खूर आहे. गावातली गुरं रोज या मैदानातून घरी जातात,” शरयूबाई म्हणाल्या.

“गुन्हेगाराले बी तुमाले असंच वाटावं असं वाटते. म्हनूनच त्यानं खुरासारके बूट घातले! आता मोजा. एक, दोन, तीन, चार. म्हंजे दोन आसामी. मागचा पुढच्याच्या कमरेले धरून चालून राह्यला.”

“काऊन?” टिंगलीनं शरयूबाईंच्याही तोंडातून वऱ्हाडी निघालं.

“अंधार असन.”

“दुपारी?”

“मॅडम, मदतनिसानं प्रश्न विचारायचे नसतात. पिशवी धरायची असते. अन् हा शेनाचा पो पाह्यला काय? ताजा! पुरावा झाकाले टाकला आहे.” त्यांनी काडीनं तो पुरावा उकरायला घेतला तेव्हा शरयूबाई तोंडाला पदर लावून दूर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही त्या शेणात विशेष काही दिसलं नाही, हेही इथंच सांगून टाकायला हवं. दुसऱ्याच्या मूर्खपणाकडे बघण्यात माणूस इतका रमतो की स्वतःच्या पायाखाली बघायचं राहून जातं.

पहिला सिद्धांत असा निघाला की शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजनं हेर पाठवले. त्या कॉलेजात मुलीच नव्हत्या, हे कळल्यावर सिद्धांत जास्तच पक्का झाला. “म्हनून तं! जळतात.” दुसरा सिद्धांत कचरू शिंप्यावर घसरला. आपलंच कापड चोरून तो पुन्हा आपल्यालाच शिवायला लावणार, असं इंद्रभानजींचं म्हणणं. कचरूनं शांतपणे कात्री खाली ठेवली आणि विचारलं, “टी.सी. सायब, तुमच्या कोटाची उसवन फुकट शिवून देली होती, त्याचं काय?” तेव्हा तो निर्दोष सुटला.

“मुलींना विचारू या का?” शरयूबाईंनी सुचवलं.

“पोट्ट्यायले काय इचारायचं? त्यायले काय समजते?” इंद्रभानजींनी विषय झटकून टाकला. शरयूबाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण तिडीक जाऊनही त्यांनी मुलींना विचारलं नाही, ते नाहीच.

रोजच्या तपासाचा अहवाल प्राचार्यांच्या बंगल्यावर चहाबरोबर सादर होई. बंगला मैदानाला लागूनच. चहा असा दाट की वर साय धरे. “आमची चंद्री सध्या भलतीच प्रसन्न आहे,” प्राचार्य म्हशीचं कौतुक करत, मिशीवरची साय पुसत. तिथंच, तिसऱ्या कपानंतर, इंद्रभानजींनी तिसरा सिद्धांत बशीत ओतला. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान, त्याच्यावर कोणाला संशय येत नाही. म्हणून चोर त्याच. शरयू मॅडम!

“वा!” प्राचार्य म्हणाले.

शरयूबाई उठल्या. “खर्चेसाहेब, उद्या पद्मजा मॅडम येतायत. आता एकच बेस उरलाय. तुम्ही स्वतः त्याच्यावर पहारा ठेवा. मी तासावर असेन. तो गेला तर चोर मी नाही, एवढं तरी कबूल कराल?”

दुसऱ्या दिवशी इंद्रभानजी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले. झोपले नाहीत, पेपर वाचला नाही, पानसुद्धा खाल्लं नाही. शेवटचा तास आटोपून शरयूबाई मैदानात आल्या तेव्हा दुसरा बेस गायब होता आणि वऱ्हाडातला पहिला प्रायव्हेट डिटेक्टिव्ह घामानं थबथबला होता.

“मॅडम, माय शप्पथ सांगतो, डोयाची पापनी लवली नाई. एक बी मानूस आला नाई!”

“मग कोण आलं?”

“कोनीच नाई. म्हशी गेल्या. म्हशी तं रोजच जातात.”

फाटकातून जीप आत शिरली. पद्मजा मॅडम उतरल्या. पांढरे कॅन्व्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर कामाची घाई. मुली रांगेत उभ्या राहिल्या. कुंपणाशी रंगराव धोतराचा सोगा धरून उभे होते. निकाल ऐकायचा आणि मुलीला घेऊन जायचं, या बेतानं आलेले. प्राचार्यांनी मयताला आल्यासारखा चेहरा केला.

“मॅडम, आम्ही शिकस्त केली. पण बेस एकही उरला नाही. यंदा आमच्या मुलींचं नाव काढूनच टाका, कसं?”

रुख्मिणीनं खाली मान घातली. शरयूबाईंना वाटलं, आत्ता इथंच या माणसाला तो पातेलं उतरवायचा मोजा फेकून मारावा.

तेवढ्यात बंगल्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. प्राचार्यांच्या पत्नी सरस्वतीबाई म्हशीला दाव्यानं ओढत मैदानात येत होत्या. म्हैस मजेत रवंथ करत होती, आणि तिच्या तोंडातून हातभर पांढरी चिंधी लोंबत होती.

“कोण बाई तुमच्यातली खेळाची मास्तरीण?” सरस्वतीबाई कडाडल्या. “ही कसली घाण मैदानात टाकून ठेवता? चार दिवस झाले, शेणात चिंध्या! आज तर गोठ्यात अख्खी पिशवीच ओढून आणली. माझ्या चंद्रीला काही झालं तर बघून घेईन!” आणि त्यांनी चिंधी ओढून सगळ्यांसमोर धरली. तिच्यावर निळ्या रंगात ठळक दोनचा आकडा होता. शरयूबाईंनी स्वतःच्या हातानं काढलेला.

मग शरयूबाईंनी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. “रुख्मिणी, त्या पिशव्यांत तू भरलं होतंस तरी काय?”

“सरकी,” रुख्मिणी म्हणाली. “तुमीच तं म्हनलं मॅडम, उडाले नाई पाह्यजे. कापूस उडते. आमच्या घरी सरकी पडली होती, ते भरली.” मग तिचं तिलाच उमगलं आणि तिनं तोंडावर हात दाबला. “बाप्पा! ढोराचं खानं भरलं मी.”

गुरांना दूध वाढावं म्हणून घालतात ती कपाशीची सरकी मैदानाच्या तीन कोपऱ्यांवर मांडून ठेवली होती, आणि सगळं कॉलेज हेर शोधत फिरत होतं. रोजचा दाट चहा सगळ्यांना एकदम आठवला. प्राचार्यांचा हात आपोआप मिशीवर गेला.

“म्हैस!” इंद्रभानजी ओरडले. “मी काय म्हनलं होतं? फाकलेला सोल! चार पाय! केस सॉल्व्ह!” त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. म्हशीनं तेवढी एकदा मान वळवली, पण तिला माश्या हाकलायच्या होत्या.

“म्हणजे नुकसान आमच्या जनावरानं केलं,” सरस्वतीबाईंचा आवाज एकदम खाली आला. बाई भांडखोर होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “आणि तुम्ही तेच दूध पिऊन या पोरींना घरी बसवायला निघालात?”

“अगं, पण बेस नाहीत म्हटल्यावर...”

“नाहीत कसे? पोरींनो, यांच्या ऑफिसात जा. खुर्चीवरची गादी आणा. मीटिंगच्या खोलीतल्या दोन आणा. खोळी मीच शिवल्यात, पांढऱ्याशुभ्र आहेत.”

“माझी गादी?” प्राचार्य पुटपुटले आणि मोठ्या आशेनं विद्यापीठाकडे वळले. “मॅडम, नियमात बसतं का हे?”

पद्मजा मॅडमनी गाद्या हातानं दाबून पाहिल्या. “पांढरं, चौकोनी, जाड असावं एवढंच नियमात आहे. कोणाच्या बुडाखालचं असू नये, असं काही लिहिलेलं नाही. दोन संघ करा. खेळा.”

आणि खेळ सुरू झाला. पाळी आली तेव्हा रुख्मिणीनं बॅट अशी फिरवली की चेंडू कडुनिंबाच्या पलीकडे, इंद्रभानजींच्या खुर्चीला वळसा घालून गेला. ती धावली. पहिल्यावर पाय, आणि दुसऱ्यावर, म्हणजे प्राचार्यांच्या गादीवर, मातीचा अख्खा पाय उमटवून ती तिसऱ्याकडे वळली. शरयूबाई प्राध्यापकीण असल्याचं विसरून शिट्ट्या मारत होत्या. कुंपणाशी एक माणूस सोगा सोडून दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, “भाग पोरी, भाग! मांगं पाहू नको!”

पद्मजा मॅडमनी पसंतीच्या कागदावर सही केली. प्राचार्यांनी ती वाचली आणि कसनुसं हसले.

रंगराव घाम पुसत शरयूबाईंजवळ आले. मग खाकरले. “मॅडम, ते स्पर्धा का काय, कदी आहे?”

“उन्हाळ्याच्या तोंडावर.”

रंगरावांनी मान डोलावली. धुळीनं माखलेली लेक मैत्रिणींच्या गराड्यात हसत होती, तिच्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

“तं देऊळगाव राजावाल्यायले निरोप देऊन देतो,” ते म्हणाले. “पोरीले सवड नाई.”