टाळी कधी वाजवावी

अज्ञानाला जगात क्षमा आहे, चुकीच्या जागी वाजवलेल्या टाळीला नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या सिंफनीचे काही भाग असतात आणि दोन भागांच्या मधे शांतता असते. त्या शांततेत जो टाळी वाजवतो, त्याच्या सात पिढ्यांना संगीत कळत नव्हतं हे सिद्ध होतं.

आमच्या गावचे दातांचे डॉक्टर हे जाणून होते. म्हणूनच त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वीचा एक अप्रसिद्ध सिंफनीकार हाताशी धरला होता. प्रसिद्ध माणसाबद्दल बोलायला गेलं की कुणीही सोम्यागोम्या चूक काढतो. अप्रसिद्धाच्या बाबतीत आपण म्हणू ती पूर्व दिशा. (त्याची एक सिंफनी डॉक्टरांनी अर्धी ऐकली होती. उरलेली अर्धी पेशंटची भूल उतरल्यामुळे राहिली.) काळाने या थोर माणसावर अन्याय केला, असं ते पेशंटच्या तोंडात ड्रिल घालून सांगत, आणि आजवर एकाही पेशंटने ते खोडून काढलं नव्हतं.

याच अधिकारावर ते रसिक मंडळाचे चिटणीस झाले. मावळते अध्यक्ष ठार बहिरे असल्याचं मंडळाच्या नुकतंच लक्षात आलं होतं आणि त्यांच्या जागी डॉक्टरांचं नाव पक्कं होतं. तेवढ्यात परगावचा वाद्यवृंद तीच सिंफनी घेऊन आला.

सभागृह भरलं. तीन भाग वाजले, तिसरा धडाक्यात संपला, आणि शांतता पसरली. आता चौथा आहे की नाही? छापील पत्रिकेत डॉक्टरांनीच लिहिलं होतं, 'या सिंफनीचे भाग मोजायचे नसतात, अनुभवायचे असतात.' सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"संपलं ना हो?" बायकोने विचारलं.

"शू."

"मग वाजवत का नाहीयेत?"

"थांबणं हेसुद्धा संगीतच असतं," डॉक्टर म्हणाले. पुढच्या रांगेतल्या वकिलांनी मान डोलावली आणि ते वाक्य रांगेरांगेने मागे पोचवलं.

मंचावर वाद्यवृंदाच्या संचालकाची पंचाईत झाली. टाळी पडल्याशिवाय लोकांकडे वळणं म्हणजे निलाजरेपणा, म्हणून तो हात वर करून पाठमोराच राहिला. त्याचे हात वर, म्हणून व्हायोलिनवाल्यांनी गज खाली घेतले नाहीत. शिंगवाल्याचे गाल फुगलेलेच राहिले. डॉक्टरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. टाळी वाजवावी आणि चौथा भाग निघाला, तर अध्यक्षपद गेलं. वाजवू नये, तर सगळं गाव इथेच म्हातारं होणार. मावळत्या अध्यक्षांना तेवढा काही फरक जाणवला नाही. त्यांच्या लेखी पहिल्यापासून हेच चाललं होतं.

मग डॉक्टरांच्या बायकोच्या नाकासमोर एक डास आला. तिने तो दोन्ही तळहातांनी मारला.

टाळ्यांनी सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. लोक उभे राहिले, वकिलांनी डोळे पुसले, शिंगवाल्याने श्वास सोडला.

त्याच आठवड्यात मंडळाने नवा अध्यक्ष एकमताने निवडला. डॉक्टरांची बायको.

"अहो, पण मी डास मारला होता," ती घरी म्हणाली.

"ते कुणाला सांगू नकोस," चिटणीस म्हणाले, आणि तिच्या भाषणाचा मसुदा करायला बसले.

गोष्ट संपली. मधेच कुठे हसला असाल, तर ती जागा चुकीची होती.