विरजणाची कात्री

तालुका दूध संघाच्या विरजणाला माणसांचे आजार कापता येतात, हे प्रयोगशाळेतल्या हेमलता शिरगुप्पे यांना सोमवारी दही तपासताना विरजणानेच सांगितलं.

दह्यातल्या जीवाणूंवर विषाणू तुटून पडायचे, टाक्या नासायच्या. तीन नंबरची टाकी तेवढी दरवेळी वाचायची. ती का वाचते, याचा शोध हेमलताबाई अकरा वर्षं घेत होत्या.

"चालून आलेल्याचा तुकडा आम्ही जपून ठेवतो," विरजण म्हणालं. "पुन्हा आला की ताडून बघतो आणि कापतो."

"माझ्या मुलीचं कापाल?"

"आजाराचा नमुना लागेल. आणि अध्यक्षांची सही."

नऊ वर्षांच्या शाल्मलीची बोटं थरथरू लागली होती. वडिलांकडून आलेला आजार. तिचे वडील भरत त्यातच हळूहळू लुळे पडत दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या रक्ताची कुपी रुग्णालयाने ठेवली होती. हेमलताबाईंनी ती मागून आणली. दह्याच्या चवीत फरक पडणार नाही ना, एवढं विचारून अध्यक्षांनी सही केली.

विरजणाने कुपी तपासली.

"यात आजार कुठे संपतो आणि तुमचे यजमान कुठे सुरू होतात, ते आम्हाला कळत नाही. जुळेल तेवढं सगळं जाईल."

हेमलताबाईंनी टाकीला हात टेकला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

शाल्मलीने आठवडाभर वाटी वाटी दही खाल्लं. बोटं थांबली. हनुवटीवरची खळीही बुजली. भरतसारखं भुवई उडवून हसणं गेलं. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोखालून ती पंख्याखालून जावं तशी ये-जा करू लागली. हेमलताबाईंनी तो एकदा तिला दाखवला, पुन्हा दाखवला नाही.

दिवाळीनंतर भरतचा धाकटा भाऊ सुकुमार आला. त्याचा उजवा हात थरथरत होता.

"भावोजी, अर्ज करू या," हेमलताबाई म्हणाल्या. "अध्यक्ष नाही म्हणणार नाहीत."

सुकुमारने शाल्मलीकडे बघितलं. याच पोरीला त्याने खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं. ती त्याच्यापुढे चहा ठेवून अदबीने बाजूला उभी होती.

"नको वहिनी," तो म्हणाला. "दादा माझ्यात तरी राहू दे."

त्याने दोन्ही हातांनी कप उचलला. निम्मा चहा सदऱ्यावर सांडला.

"असू दे, पाहुणे," शाल्मली म्हणाली. "दुसरा आणते."