म्हैस दिसली की डावीकडे

पावसात, आडरस्त्याने, पाच गाड्यांची सहल एकही गाडी न चुकता कशी न्यायची, हे या भूतलावर फक्त आपल्यालाच कळतं, असं भूगोलाच्या सरांचं ठाम मत होतं. पण विचारतो कोण! दरवर्षी पुढची गाडी मेहुण्याची, आणि सासरेही त्याच गाडीत. यंदा मात्र सासरे म्हणाले, "जावईबापूंच्या गाडीत बसतो. बघू तरी!"

त्या 'बघू तरी'साठी सरांनी आदल्या रविवारी, लख्ख उन्हात, एकट्याने जाऊन रस्ता पाहून ठेवला. मग हॉलमध्ये चपला ओळीने मांडून तालीम घेतली. सगळ्यात पुढे स्वतःचा पॉलिश केलेला बूट, सगळ्यात शेवटी मेहुण्याची अंगठा तुटलेली चप्पल. सहलीला येणारे शेजारचे दातांचे डॉक्टर किडलेला जबडा पाहावा तसे त्या रांगेकडे पाहत होते.

"नियम एकच!" सर म्हणाले. "पुढचा करेल तेच मागच्याने करायचं. शंका काढायची नाही. झाडाखाली म्हैस दिसली की डावीकडे!"

"भाऊजी, आणि म्हैस उठली तर?" मेहुण्याने विचारलं.

"जाताना बसली होती, येताना बसली होती. मी स्वतः पाहिलंय!"

सहलीच्या दिवशी आभाळ फाटलं. वायपर काचेवर नुसते हात जोडून माफी मागत होते. सरांनी खिडकीतून हात काढून काच पुसली. आरशात पाहतात तर मागच्या चारही गाड्यांतून एकेक हात बाहेर! ही शिस्त पाहून सरांचा ऊर भरून आला.

"पाहिलंत?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

"पाहतोय," सासरे म्हणाले.

तेवढ्यात म्हैस दिसली. सर डावीकडे वळले.

"अहो, पण ही तर उभी आहे! आणि झाड कुठंय?" बायको म्हणाली.

"शंका नाही!"

रस्ता अरुंद होत होत पायवाटेएवढा झाला. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण. शेवटी एक गोठा आला आणि रस्ता संपला. गोठ्यातून एक बाई डोक्यावर पोतं घेऊन आली.

"कुणाकडे आलात एवढे सगळे?"

"आम्ही... म्हशीवरून वळलो," सर म्हणाले.

"अगं बाई! एवढ्या पावसात ती झाडाखाली कशाला बसेल? घरी निघाली असेल ती. पण येणार कुठून? वाट तर तुम्हीच अडवलीत!"

आता सगळ्यांनी उलटं मागे जाणं एवढाच उपाय. म्हणजे आधी शेवटच्या गाडीने हलायचं. एवढ्यात मेहुणा कुंपणाला शर्ट फाडून घेत, निथळत पुढे आला आणि काचेवर टकटक केली.

"भाऊजी, माझ्या मागे म्हैस आहे."

"मग हाकल की!"

"हाकलली. ती बसली."

छपरावर पाऊस बडवत होता. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"जावईबापू, म्हैस बसली म्हणतोय हा. आता कुठं वळायचं?"

सरांनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. डोकं उचलायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, त्यामुळे तो वाजतच राहिला.

मग मागच्या गाडीचा वाजला. मग डॉक्टरांचा. मग चौथ्या गाडीचा. शेवटी मेहुण्याच्या बायकोनेही वाजवला, अगदी नियमाप्रमाणे.

म्हैस तेवढी उठली नाही.